पालथं झोपल्यावर ऑक्सिजन का वाढतो, उकाड्यात दम का लागतो? फुफ्फुसांचं गणित नेमकं काय?

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट शिखराकडे निघाली होती. देशात दिवसाला तीन लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडत होते. ऑक्सिजन सिलेंडरसाठी नातेवाईक रांगा लावून उभे होते. २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २० हून जास्त रुग्णांचा जीव गेला.

त्याच दिवसांत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सोशल मीडियावर एक सचित्र पत्रक टाकलं. त्यात ना कुठलं औषध होतं, ना इंजेक्शन. होत्या फक्त उशा आणि पालथा झोपलेला माणूस. घरी असलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर त्याने पोटावर झोपावं, असा तो सल्ला होता.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या काढ्यांच्या आणि वाफेच्या मेसेजच्या गर्दीत अनेकांना हाही एक घरगुती उपायच वाटला. पण यामागे अतिदक्षता विभागात अनेक वर्षं वापरली जाणारी पद्धत होती.

कोरोनाची लाट ओसरली, पण तो सल्ला ज्या तत्त्वावर उभा होता ते आजही तितकंच लागू आहे. फुफ्फुसं किती हवा घेतात आणि ती रक्तापर्यंत किती पोहोचवतात, हे आपण कसे बसतो, कसे झोपतो आणि आजूबाजूची हवा किती गरम किंवा गार आहे यावरही ठरतं. निरोगी माणसाला हा फरक सहसा जाणवत नाही. दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी मात्र घरी आराम मिळणार की रुग्णालय गाठावं लागणार, हे कधीकधी त्याच फरकावर ठरतं.

पालथं झोपण्याचा सल्ला नेमका काय होता?

मंत्रालयाच्या पत्रकात चार-पाच उशा वापरायला सांगितल्या होत्या. एक मानेखाली, एक किंवा दोन छातीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत आणि दोन नडग्यांखाली. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहू नका, थोडा वेळ पालथे, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसा, मग डाव्या कुशीवर अशी स्थिती बदलत राहा, असंही त्यात होतं. जेवणानंतर तासभर पालथं झोपू नये, अशी सूचना होती.

हा सल्ला सगळ्यांसाठी नव्हता. गरोदर महिला, हृदयाचा गंभीर आजार असलेले, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असलेले आणि मणका, मांडीचं हाड किंवा कंबरेचं हाड मोडलेले रुग्ण यांनी पालथं झोपू नये, असं पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. फॉरवर्ड झालेल्या अनेक मेसेजमध्ये नेमका हाच भाग गळून पडतो.

पालथं झोपल्याने शरीरात काय होतं?

फुफ्फुसाचा मोठा भाग छातीच्या पुढच्या बाजूला नसून पाठीच्या बाजूला असतो. माणूस उताणा झोपतो तेव्हा हृदयाचं वजन मागे फुफ्फुसावर पडतं. पोटातले अवयवही श्वासपटलाला, म्हणजे डायफ्रॅमला, छातीच्या दिशेने रेटतात. परिणामी पाठीकडचे वायुकोश दबतात.

निरोगी फुफ्फुस हा दाब सहज सोसतं. पण न्यूमोनियामुळे फुफ्फुस सुजलेलं, पाणी धरून जड झालेलं असेल, तर दबलेले वायुकोश मिटूनच जातात. तिथे रक्त पोहोचतं, हवा पोहोचत नाही. ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे निघून जातं आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरतो.

रुग्णाला पालथं केलं की हृदयाचा भार छातीच्या हाडावर जातो. पाठीकडचे वायुकोश उघडायला लागतात. रक्ताचा मोठा वाटा अजूनही पाठीकडच्याच भागात जात असतो. हवा आणि रक्त यांची पुन्हा गाठ पडते आणि ऑक्सिजन वाढतो.

याचा सगळ्यात ठोस पुरावा २०१३ मध्ये आला. फ्रान्स आणि स्पेनमधल्या अतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरवर असलेल्या ४६६ गंभीर रुग्णांवर हा अभ्यास झाला होता. २८ दिवसांत उताण्या गटातल्या ३२.८ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला. रोज किमान १६ तास पालथं ठेवलेल्या गटात हे प्रमाण १६ टक्के होतं. म्हणजे जवळपास निम्मं.

व्हेंटिलेटरवर नसलेल्या, जाग्या रुग्णांचं काय? कोरोनाकाळात सहा देशांतल्या १,१०० हून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पालथं झोपलेल्या रुग्णांपैकी कमी जणांना व्हेंटिलेटरची नळी घालावी लागली. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे पालथं झोपणं हे उपयोगी साधन आहे, पण ते ऑक्सिजनची किंवा डॉक्टरची जागा घेत नाही.

एक महत्त्वाचा इशारा इथेच. तान्ह्या बाळांना हा नियम लागू नाही. झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी करण्यासाठी बाळाला नेहमी उताणंच झोपवावं, असं जगभरातले बालरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेत १९९४ पासून यासाठी मोठी मोहीम चालवली गेली आणि अशा मृत्यूंचं प्रमाण बरंच खाली आलं.

आडवं झाल्यावर क्षमता खरंच कमी होते का?

होते. आणि हे आज कळलेलं नाही.

१८४६ मध्ये लंडनमधले डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटर हे यंत्र लोकांपुढे आणलं. पूर्ण श्वास घेऊन तो पूर्ण सोडला की किती हवा बाहेर येते, हे त्यावर मोजता येत होतं. हचिन्सन यांनी दोन हजारांहून जास्त लोकांची मोजणी केली. उंची वाढते तशी क्षमता वाढते, हे त्यांना दिसलं. उभं, बसलेलं आणि झोपलेलं असताना एकाच माणसाचा आकडा वेगवेगळा येतो, हेही त्यांनी नोंदवलं.

आज याचं गणित जास्त स्पष्ट आहे. साधा श्वास सोडल्यानंतरही फुफ्फुसात बरीच हवा शिल्लक राहते. वायुकोश मिटू नयेत म्हणून ही शिल्लक गरजेची असते. उभा माणूस आडवा झाला की ती साधारण अर्धा ते एक लिटरने घटते. पूर्ण जोर लावून सोडलेल्या श्वासाची मोजणी केली, तर निरोगी माणसात ही घट सहसा १० टक्क्यांच्या आत राहते.

वय इथे महत्त्वाचं ठरतं. वय वाढतं तशा फुफ्फुसातल्या बारीक नळ्या लवकर मिटायला लागतात. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांनुसार साधारण पंचेचाळिशीपासून उताणं झोपल्यावर, तर पासष्टीच्या पुढे उभं असतानाही साध्या श्वासात काही नळ्या मिटू लागतात. म्हणूनच आजारी वृद्धांना दिवसभर उताणं पडू देऊ नका, टेकून बसवा, असं परिचारिका पुन्हा पुन्हा सांगतात.

फुफ्फुसांची चाचणी बसूनच का करतात?

दोन रिपोर्टची तुलना करायची तर मोजणीची पद्धत एकच हवी. म्हणून स्पायरोमेट्री करताना रुग्णाला ताठ बसवतात आणि पाय जमिनीवर टेकवायला सांगतात. आज बसून आणि पुढच्या महिन्यात झोपून चाचणी केली, तर आजार वाढला की फक्त स्थिती बदलली, हे सांगता येणार नाही.

तापमानाचंही तसंच. छातीतली हवा ३७ अंशांची आणि ओलसर असते. ती यंत्रात येते तेव्हा खोलीच्या तापमानाला थंड होते आणि आकसते. खोली २५ अंशांवर असेल, तर मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा साधारण ७ टक्क्यांनी कमी भरतो. त्यामुळे यंत्राला खोलीचं तापमान कळावं लागतं आणि त्यानुसार दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती चुकली, तर निरोगी माणूस आडवा झाल्यावर जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढाच फरक नुसत्या चुकीने पडू शकतो.

'रात्री किती उशा लागतात?'

दम लागतो म्हणून कुणी दवाखान्यात गेलं की डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतात. ऐकायला तो साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरातून बरंच कळतं.

हृदय कमकुवत असेल, तर आडवं झाल्यावर पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे परत येतं. हृदय तेवढं रक्त पुढे ढकलू शकत नाही. फुफ्फुसांत दाब वाढतो आणि दम लागतो. उठून बसलं की बरं वाटतं. अशा रुग्णांच्या उशा हळूहळू वाढत जातात. आधी एक, मग दोन, मग खुर्चीतच झोप. काही जण मध्यरात्री धाप लागून दचकून उठतात आणि खिडकीपाशी जाऊन बसतात. अनेक घरांत याला 'ॲसिडिटी' किंवा 'वय झालं' असं म्हणून सोडून दिलं जातं.

वाकल्यावर लागणारा दम हेही असंच एक लक्षण. बुटाची नाडी बांधताना किंवा जमिनीवरचं काही उचलताना अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागत असेल, तर तो हृदय निकामी होत असल्याचा संकेत असू शकतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये या लक्षणाचं वर्णन करून त्याला स्वतंत्र नाव दिलं.

सीओपीडीचे रुग्ण नेमकं उलटं करतात. ते पुढे झुकतात, हात गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकवतात आणि तसेच बसून श्वास घेतात. या आजारात हवा आत अडकून फुफ्फुसं फुगतात आणि घुमटासारखं श्वासपटल सपाट होतं. सपाट स्नायूला ओढायला जागाच उरत नाही. पुढे झुकल्यावर पोटाचा दाब श्वासपटलाला पुन्हा वर उचलतो. हात टेकवल्यामुळे मानेचे आणि छातीचे स्नायूही श्वासाच्या कामाला लागतात. ही बसण्याची पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नसते. शरीरच ती शोधून काढतं.

उताणं झोपल्यावर श्वासाची मोजणी २५-३० टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घसरत असेल, तर श्वासपटल कमजोर असल्याची शंका घेतली जाते.

पोक काढून बसल्याने क्षमता ३० टक्क्यांनी घटते?

रील्समध्ये हा दावा वारंवार दिसतो. मोबाईलवर वाकून बसलेला तरुण, शेजारी फुफ्फुसाचं लाल चित्र आणि '३० टक्के' हा आकडा.

यात थोडं तथ्य आहे. पोक काढून बसल्यावर बरगड्यांना फाकायला आणि श्वासपटलाला खाली सरकायला कमी जागा मिळते. ताठ बसण्याच्या तुलनेत श्वास कमी भरतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. पण निरोगी माणूस पूर्ण आडवा झाला तरी घट सहसा १० टक्क्यांच्या आत असते. मग नुसत्या पोक काढण्याने सरसकट ३० टक्के घट होते, हा दावा ताणलेला आहे. शिवाय ताठ बसलं की ती भरूनही निघते. मणक्याला कायमचा बाक आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या छातीची जागाच कमी झालेली असते.

असाच आणखी एक मेसेज २०२० मध्ये फिरला होता. दहा सेकंद श्वास रोखता आला तर कोरोना नाही, असं त्यात म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेला तो खोडून काढावा लागला. श्वास रोखण्याच्या खेळावरून फुफ्फुसांची तब्येत कळत नाही.

थंडीत छाती का आवळते?

नाक हे शरीराचं वातानुकूलन यंत्र आहे. बाहेरची हवा कशीही असो, वायुकोशांपर्यंत पोहोचेपर्यंत ती ३७ अंशांपर्यंत गरम आणि पूर्ण ओलसर व्हावी लागते. ही उष्णता आणि ओल श्वासमार्गाच्या अस्तरातून घेतली जाते.

शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. जोराच्या व्यायामात हा आकडा १०० लिटरच्या पुढे जाऊ शकतो. त्यात तोंडाने श्वास सुरू झाला की नाकाचं काम पुढच्या नळ्यांवर पडतं. हवा थंड आणि कोरडी असेल तर अस्तर सुकतं, पेशींमधून दाहक रसायनं बाहेर पडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. दमा असलेल्यांना पहाटे धावताना खोकला आणि शिट्टीसारखा आवाज येतो तो यामुळे. बर्फावर लांब पल्ल्याचं स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंमध्येही दम्याचं प्रमाण जास्त आढळतं. तापमान उणे २० अंशांच्या खाली गेलं तर या खेळाच्या शर्यती पुढे ढकलल्या जातात किंवा रद्द होतात.

आपल्याकडे एवढी थंडी नसते, पण दुसरी अडचण असते. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. वर झाकण लागल्यासारखा धूर आणि धूळ खालीच अडकते. दिल्लीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. अलीकडच्या हिवाळ्यांत मुंबईकरांनीही ते अनुभवलं आहे. त्याच काळात सर्दी-फ्लूचे विषाणूही जोरात असतात. गारठा, प्रदूषण आणि संसर्ग असा तिहेरी मार एकदम बसतो.

मग उकाड्यात दम का लागतो?

थंडीने दमा वाढतो हे बहुतेकांना माहीत असतं. उष्णतेचं नाव निघालं की मात्र चक्कर आणि उष्माघात आठवतो, श्वास नाही.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सौम्य दमा असलेल्या सहा जणांना चार मिनिटं सुमारे ४९ अंशांची दमट हवा देण्यात आली. त्यांच्या श्वासमार्गातला अडथळा दुपटीपेक्षा जास्त वाढला. साध्या तापमानाच्या हवेने तो थोडाच वाढला होता. नळ्या सैल करणारं एक विशिष्ट औषध आधी दिल्यावर हा परिणाम टळला. यावरून संशोधकांनी निष्कर्ष काढला की गरम दमट हवा श्वासमार्गातल्या संवेदनशील नसांना चाळवते आणि त्या मेंदूमार्फत नळ्या आवळण्याचा हुकूम पाठवतात. प्रयोग लहान होता, पण यंत्रणा कशी चालते हे त्यातून दिसलं.

मोठ्या लोकसंख्येत काय होतं, हे अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी विमा योजनेच्या नोंदींवरून कळतं. सव्वा कोटी लाभार्थ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात दिवसाचं तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं की त्याच दिवशी श्वसनविकारांमुळे तातडीने भरती होणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांनी वाढत होतं.

यामागे आणखी कारणं आहेत. अंग तापलं की श्वासाची गती वाढते. निरोगी माणूस ते निभावून नेतो. सीओपीडीच्या रुग्णाला श्वास पूर्ण सोडायला जास्त वेळ लागतो. गती वाढली की आधीचा श्वास पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा सुरू होतो. हवा आत साचत जाते. त्याच वेळी त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी हृदयालाही जोर लावावा लागतो.

त्यात भर ओझोनची. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले वायू कडक उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो श्वासमार्गाला चुरचुरवतो, सूज आणतो.

स्थिती आणि तापमान एकत्र आले की?

पत्र्याचं छप्पर असलेली दहा बाय दहाची खोली. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही उष्णता सोडतो. अशा खोलीत सीओपीडी असलेली आजी जमिनीवर अंथरुणात आडवी आहे. उष्णतेने तिचा श्वास जलद झालाय, हवा आत साचतेय. आडवं झाल्याने श्वासपटल वर रेटलं गेलंय. खाट नाही, टेकून बसायला भिंतीशिवाय काही नाही आणि भिंतही तापलेली आहे. यातलं प्रत्येक कारण एकेकटं सोसण्यासारखं असतं. सगळी एकत्र आली की रात्री दोन वाजता रिक्षा शोधावी लागते.

भारतात असे लोक थोडेथोडके नाहीत. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते. १९९० च्या तुलनेत सीओपीडीच्या रुग्णांची संख्या जवळपास दुप्पट झाली होती. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा तेव्हा १८ टक्के होता. दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्याच्या वर्षांत मात्र तो ३२ टक्के होता. या आजारांमागे तंबाखूच्या धुराइतकाच हवेच्या प्रदूषणाचा आणि चुलीच्या धुराचाही हात आहे.

उष्णतेच्या सरकारी योजनांमध्ये श्वास कुठे आहे?

मे २०१० मध्ये अहमदाबादचं तापमान ४६.८ अंशांवर गेलं. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यानंतर २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिला होता. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी आणि राज्यांनी तसे आराखडे केले.

१,३४४ हा आकडा कसा निघाला, हे इथे महत्त्वाचं आहे. तो 'उष्माघात' असं लिहिलेल्या मृत्यूंचा नाही, एकूण वाढलेल्या मृत्यूंचा आहे. कडक उन्हाळ्यात मरणाऱ्या अनेकांच्या कागदावर हृदयविकार किंवा श्वसनविकार असं लिहिलं जातं. उष्णतेने त्यांचा जुना आजार उसळलेला असतो, पण मोजदादीत उष्णता येत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. घराघरांत तुरळक होणाऱ्या मृत्यूंची तशी बातमी होत नाही.

दुसरा मुद्दा निकषांचा. हवामान विभागाच्या नियमानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश असावं लागतं. शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट जाहीर होते. कोकणात किंवा गोव्यात ३५ अंश आणि प्रचंड दमट हवा असेल, तर कागदावर लाट नसते. वर सांगितलेल्या प्रयोगात मात्र नळ्या आवळल्या त्या गरम आणि दमट अशा दोन्ही हवेने. हवामान विभाग आता उष्ण व दमट हवेचे इशारे वेगळे देतो आणि २०२३ मध्ये त्याने आर्द्रता धरून काढलेला उष्णता निर्देशांकही प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. हा बदल योग्य दिशेने आहे, पण तो गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रापर्यंत झिरपायला हवा.

दिल्लीतल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये १८ राज्यांतल्या ३७ आराखड्यांचा अभ्यास केला. त्यापैकी फक्त दोन आराखड्यांत कोणाला जास्त धोका आहे याचा रीतसर अंदाज मांडलेला होता. पाणपोई, बागांच्या वेळा, ओआरएस ही कामं गरजेचीच आहेत. पण आपल्या हद्दीत सीओपीडीचे रुग्ण कोण, त्यांच्याकडे इनहेलर आहे का, रात्री त्यांचं घर किती तापतं, हे आशा सेविकेच्या यादीत आलं तर भरती होण्याआधीच मदत पोहोचू शकते. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. लागते ती नोंद.

मग काय लक्षात ठेवायचं?

• दम लागल्यावर रुग्णाला उताणं झोपवू नका. बसवा, पुढे झुकू द्या, हात टेकवू द्या. झोपायचं असेल तर डोक्याची बाजू उंच ठेवा.

• सीओपीडी असेल तर नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा. नळ्या जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

• पालथं झोपणं हा न्यूमोनियासारख्या आजारात डॉक्टरांच्या सल्ल्याने करायचा उपाय आहे. दम्याच्या झटक्यात किंवा हृदयविकारात तो स्वतःहून करू नका.

• ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटं गरम करा. गार पडलेल्या बोटांवर आणि नेलपॉलिशवर आकडा चुकीचा येऊ शकतो.

• इनहेलर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. उन्हाळ्यात बरं वाटतंय म्हणून रोजचा डोस बंदही करू नका.

• थंडीत पहाटेचा व्यायाम थोडा उशिरा करा, नाकाने श्वास घ्या, नाकातोंडावर रुमाल किंवा स्कार्फ ठेवा.

• उकाड्यात दुपारची कामं टाळा, अंग ओलं करा. खोलीतलं तापमान ४० अंशांच्या वर असेल तर पंख्याची गरम हवा उलट त्रास देते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयाच्या रुग्णांनी पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

• उशा वाढत असतील, वाकल्यावर धाप लागत असेल किंवा रात्री दम लागून जाग येत असेल, तर तपासणी पुढे ढकलू नका.

ओठ किंवा नखं निळसर पडणं, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, गुंगी येणं ही धोक्याची लक्षणं आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत रुग्णाला बसवूनच ठेवा.